दम

अठ्ठावीस सेकंद. गेला महिनाभर हा आकडा डोक्यातून जात नाही. गॅसवर दूध ठेवलं की मी मनात मोजते, लिफ्ट खाली येईपर्यंत मोजते. अठ्ठावीस सेकंदांत तसं फार काही होत नाही. दूध तर मुळीच तापत नाही.

झालं असं. मी सकाळी गोल्फ क्लबवर चालायला जाते. मैदानाचं खरं नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, पण नाशकातल्या रिक्षावाल्याला ते सांगून बघा, मागे वळून ‘म्हणजे गोल्फ क्लबच ना?’ असं विचारणारच. थंडीत पावणेसहाला तिथे चांगला अंधार असतो. कानटोप्या घातलेले आजोबा, जोडीनं चालणाऱ्या आणि जोडीनंच सुनांबद्दल बोलणाऱ्या बायका, आणि या सगळ्यांना ओलांडून सपासप जाणारी भरतीची पोरं. पेठ, सुरगाणा, दिंडोरी, कळवण अशी कुठून कुठून आलेली, एका खोलीत चौघं-पाच जण राहून पोलीस भरतीची तयारी करणारी. ती शेजारून गेली की घामाचा आणि बामचा मिसळलेला वास येतो. त्यातलाच एक त्या दिवशी माझ्यापुढे येऊन उभा राहिला. ओठावर जेमतेम लव, एका बाजूनं उसवलेले बूट. “काकू, जरा टाइम लावता का? पार्टनर उठलाच नाही आज.” किती फेऱ्या म्हणजे सोळाशे मीटर, हे त्यांनी आपापलं मोजून ठेवलेलं असतं. मी फोनवर स्टॉपवॉच लावलं. पहिल्या फेरीला तो माझ्यासमोरून गेला तेव्हा नुसते बूट ऐकू आले. पुढच्या फेरीला नाकातली फुसफुस. शेवटी शेवटी मात्र छातीतून आवाज येत होता, तेल न घातलेल्या बिजागरीसारखा, आणि मान एका बाजूला कललेली. ५ मिनिटं ३८ सेकंद. गुडघ्यांवर हात टेकून, खाली बघतच त्यानं हिशेब केला. “अजून अठ्ठावीस.” भरतीत पोरांना सोळाशे मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत मारलं की वीसपैकी वीस गुण मिळतात, त्यापुढे ते गळायला लागतात. वय विचारलं तर म्हणाला, एप्रिलमध्ये अठरा पूर्ण होतील.

वीसेक मिनिटांनी मी निघाले, तर तो बाहेर चहाच्या टपरीशी उभा. एका हातात चहाचा कप, दुसरा हात मांडीमागे. हात लपला होता, धूर लपला नव्हता. थंडीतला धूर, तो काही हलत नाही पटकन. त्याच्या खांद्यामागून सावकाश वर चढत होता. आमची नजरानजर झाली. मी म्हटलं, “उद्या येणार ना?” तो म्हणाला, “हो काकू.” आणि मी गाडी सुरू केली.

एवढंच.

मी शाळेत मराठी शिकवते, आठवी ते दहावीला. पोरांना दम देणं हे माझं रोजचं काम, त्याचा पगार मिळतो मला. मग तिथे तोंड का उघडलं नाही? ‘दम’ हा शब्द मी फळ्यावर किती वेळा लिहिलाय. दम लागणे, दम धरणे, दम देणे. अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा. टपरीवर मारतात तो दम अर्थातच अभ्यासक्रमात नाही. एकाच पोराच्या अंगावर, अर्ध्या तासात, हे सगळे वाक्प्रचार ओळीनं उपयोगात आलेले मी पहिल्यांदा बघितले आणि माझ्या वाट्याचा जो ‘देणे’ होता तोच तेवढा राहिला.

खरं सांगायचं तर मला तो हात ओळखीचा वाटला. सिगारेट तळव्यात वळवून मांडीमागे धरायची ती पद्धत. माझा दादा तसाच धरायचा.

दादा माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा. आमचा वाडा अशोक स्तंभाजवळ, त्यामुळे गंगा अगदी हाकेवर. (नाशिककराच्या तोंडी गोदावरी नकाशात असते, बाकी वेळी ती गंगाच.) दादा शाळेतर्फे आठशे मीटर पळायचा. सरांचा सराव संपला की तो आणि त्याचे तीन-चार मित्र घारपुरे घाटाकडे जात, आणि पहाऱ्याला मला नेत. मी सहावीत असेन. कोण येतंय ते बघायचं, ओळखीचं कुणी दिसलं की मोठ्यानं खोकायचं, एवढंच काम. बदल्यात भेळ. ते सगळे मिळून एक सिगारेट ओढायचे. बोटांना वास राहू नये म्हणून कडुनिंबाच्या काडीचं टोक दातानं चिरून त्या फटीत सिगारेट अडकवायची आणि काडी धरून ओढायची. काडी फिरत फिरत यायची, प्रत्येकाला दोन दोन झुरके. तिसरा कुणी मारला की भांडण. मग माझं दुसरं काम. फ्रॉकच्या खिशातून पेरूची पानं काढायची. वाड्याच्या मागच्या अंगणात पेरूचं झाड होतं, त्याची कोवळी पानं चावून, हिरवं पाणी घाटाच्या पायरीवर थुंकून, एकमेकांच्या तोंडाचा वास घेऊन ते घरी निघायचे. वास घेताना त्यांचे चेहरे इतके गंभीर असायचे की एखाद्या परीक्षेचे निकाल बघताहेत असं वाटावं. त्या वर्षी आमच्या पेरूच्या खालच्या फांद्या बोडक्या झाल्या. आई म्हणायची, या झाडाला कीड लागलीय, आणि बुंध्याशी राख टाकायची.

दादा जिल्ह्याच्या स्पर्धेत दुसरा आला त्या संध्याकाळी मित्रांनी त्याला एक अख्खी सिगारेट दिली. काडी नाही, वाटणी नाही. जिंकल्याचा आनंद त्यानं ज्या छातीनं जिंकला तिच्यावरच काढला. पण हे मला आज सुचतंय. तेव्हा मला वाटलं होतं की माझा भाऊ आता मोठा माणूस झाला, आणि मी खूश होते.

आप्पांच्या, म्हणजे वडिलांच्या, सिगारेटी कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडून आणायचं काम आम्हा भावंडांकडेच होतं. सुट्या दोन आणि उरलेल्या पैशांच्या लिमलेटच्या गोळ्या. सातपूरला कारखान्यात पाळ्या करून आलेला माणूस ओट्यावर बसून सिगारेट ओढतो, यात कुणाला काही वाटायचं नाही. दादा एकदा सापडलाच. आप्पांनी त्याला ओट्यावर बोलावलं, समोर उभं केलं आणि कानाखाली वाजवली. मारण्याआधी त्यांनी उजव्या हातातली सिगारेट डाव्या हातात घेतली. आई दारात उभी होती, मी मोरीच्या भिंतीआडून बघत होते. माझ्या खिशात पानं होती.

आईचं माहेर सिन्नरचं. सुट्टीत तिथे गेलं की आजोळच्या गल्लीत दुपारभर ओसऱ्यांवर बायका बिड्या वळत बसलेल्या असायच्या. मांडीवर सूप, सुपात तंबाखूची भुकटी, ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं. पान मापानं कापायचं, चिमूटभर तंबाखू पसरायची, अंगठ्यानं गुंडाळी करून तोंड दुमडायचं आणि दोरा. हे सगळं गप्पा मारता मारता, सुपाकडे न बघता. माझ्याच वयाच्या मुली शाळेतून येऊन आईच्या शेजारी बसायच्या, कारण हजार बिड्या पुऱ्या व्हायला हव्यात. तंबाखूचा तो कच्चा, नाकाला झोंबणारा वास त्यांच्या वेण्यांनासुद्धा यायचा. लपंडावाला बोलवायला गेलं की एकजण म्हणायची, “शेकडा होऊ दे.” शेकडा व्हायचा तोवर दिवेलागण झालेली असायची. त्यांनी आयुष्यात एक झुरका मारला नसेल. तंबाखूपायी कुणाचं खेळणं गेलं, असं कुणी विचारलं तर माझ्या डोळ्यांपुढे टपरीवरच्या पोरांच्याही आधी ते सूप येतं.

आणि मी? मीही पळायचे. शंभर आणि दोनशे मीटर. सरांनी एकदा सगळ्यांदेखत म्हटलं होतं की भावापेक्षा बहिणीची सुरुवात चांगली आहे. आठवीत ते थांबलं. कुणी थांबवलं नाही, म्हणून कुणावर रागावताही येत नाही. आधी दप्तर पाठीवरून छातीशी आलं, मग सरावाच्या वेळेला शिवणाचा क्लास लागला, मग ‘आता काय पळायचं वय आहे का’ असं मीच कुणाला तरी म्हणाले. दादाचा दम निदान कशानं तरी गेला. माझा नुसता घडी घालून ट्रंकेत ठेवला गेला. २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत आपल्या सावरपाड्याच्या कविता राऊतनं १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक घेतलं, तेव्हा शाळेत पेढे वाटले. मी पेढा हातात घेऊन बराच वेळ नुसती उभी होते. आनंदच झाला होता. पण त्यात दुसरंही काहीतरी होतं, आणि ते कविताबद्दल नव्हतं.

शाळेत आम्हाला प्रशिक्षणं फार. तंबाखूमुक्त शाळेचं एक झालं. शाळेपासून १०० यार्डांत तंबाखू विकायची नाही, अठराच्या आतल्याला विकायची नाही, हे २००३ च्या कायद्यातच आहे. राज्यात सुटी सिगारेट-बिडी विकायलाही २०२० मध्ये बंदी आली. सुटी म्हणजे पोरांना परवडणारी, म्हणून. २०१९ च्या देशभरच्या पाहणीत तेरा ते पंधरा वयाच्या शाळकरी मुलांपैकी ८.५ टक्के कुठला ना कुठला तंबाखू वापरत होती, असं पडद्यावर आलं. मला तो आकडा छोटा वाटला, माझ्या पन्नासच्या वर्गात चार. त्यानंतरचा आकडा आला तेव्हा मात्र चुळबुळ थांबली. ज्यांनी कधी सिगारेट ओढली होती त्यांच्यातल्या ३८ टक्के मुलांनी ती दहाव्या वाढदिवसाच्या आधीच ओढली होती. दहाच्या आधी म्हणजे तिसरी-चौथी, पाढे पाठ करायचं वय. मग समोसे आले, आणि माझ्या शेजारच्या सरांनी समोसा घेण्याआधी तोंडातली तंबाखूची गोळी टाकायला खिडकी शोधली.

दुसऱ्या कुठल्या तरी दिवशी तंदुरुस्तीचं प्रशिक्षण. पाच ते सतरा वयाला रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल हवी, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. अकरा ते सतरा वयातली जगभरातली ८१ टक्के मुलं तेवढी हलत नाहीत, आपल्याकडची ७४ टक्क्यांच्या आसपास, २०१६ चा हिशेब. आपण जगापेक्षा बरे, असं कुणीतरी म्हणालं आणि टाळ्या पडल्या. मी टाळ्या वाजवल्या नाहीत. मी किती वेळा पीटीचा तास मागून घेतलाय! ‘सर, माझे दोन धडे राहिलेत हो,’ म्हटलं की पीटीचे सर बिचारे शिट्टी खिशात घालून निघून जातात. चाळीस जोडी डोळे खिडकीबाहेरच्या रिकाम्या मैदानाकडे, आणि मी समासाचे प्रकार सांगतेय. दहावीला तर दिवाळीनंतर तो तास वेळापत्रकात नुसता नावाला असतो. ही दोन प्रशिक्षणं वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या फायलींत. आमच्या मनात ठरलेलं असतं की खेळणारी पोरं एकीकडे आणि ओढणारी दुसरीकडे, म्हणजे खेळाला लावलं की सुटलो. माझा तो भरतीवाला कुठल्या फायलीत घालायचा? तो रोज तासभर घाम गाळतो. आणि मग टपरीवर जातो.

माझ्या वर्गातली पोरं आता टर्फवर क्रिकेट खेळतात. जाळीतलं, दिव्यांच्या उजेडातलं, तासाच्या भाड्याचं. आई-बाबा खूश, निदान मोबाइल सोडून घाम तरी गाळतोय. तास संपला की पुढची टीम दारात उभी असते, आणि ही बारा पोरं ओल्या टीशर्टांनी रस्त्यावर. घरी जायचं नसतं इतक्यात. कोण कसा आऊट झाला हे बोलायचं राहिलेलं असतं. सोसायटीच्या गेटवर उभं राहिलं तर वॉचमन हटकतो, बाग रात्री बंद. रात्री दहाला नाशकात सोळा वर्षांच्या पोरानं पंधरा मिनिटं उभं राहावं अशी जागा उरते कुठली? टपरी. ती कुणालाच ‘इथे काय करताय’ असं विचारत नाही. मागे एकाच्या कंपासमध्ये पेनासारखं काहीतरी सापडलं, आंब्याचा वास येणारं. मी तो पेनड्राइव्ह समजून कॉम्प्युटरच्या मॅडमना नेऊन दिला. त्यांनीच सांगितलं की ही ई-सिगारेट, २०१९ पासून देशात बंदी असलेली. पोरगा शाळेच्या कबड्डी संघात होता. चढाईला जाताना श्वास धरून कबड्डी-कबड्डी म्हणायचा, तोच.

हे सगळं डोक्यात घोळत होतं म्हणून एका रात्री दादाला फोन केला. तो आता पुण्यात असतो, पन्नाशीचा. चाळिशीनंतर सिगारेट सोडली, तीही चौथ्या प्रयत्नात. गेल्या दिवाळीत आला होता तेव्हा आम्ही पांडवलेणी चढलो. तो दोनदा पायरीवर बसला, आणि दोन्ही वेळा कमरेवर हात ठेवून ‘केवढं वाढलं गं नाशिक’ म्हणत खाली बघत राहिला. मीही नाशिक बघितलं. काय करणार. फोनवर त्याला विचारलं, तुम्ही पळणारी पोरं, रोज सर श्वासावरून ओरडायचे, मग ओढायचात कशाला? तो हसला, म्हणाला, “सिगारेटसाठी कोण जात होतं? शाळेत सर, मैदानावर सर, घरी आप्पा. घाटावरची ती वीस मिनिटं कुणाचीच नव्हती. हातात काहीतरी लागतं ना उभं राहायला.” मग थोडं थांबून, “तुझी पानं मात्र कडू असायची.”

त्याचं म्हणणं मला पटलं, आणि पटलं म्हणून रागही आला. कारण उभं राहायला जागा हवी होती हे खरं, पण त्या जागेचं भाडं त्यानं अजून भरून संपवलेलं नाही. भरतीच्या पोराला सांगायचं मी घरी पाठ करून ठेवलं होतं. वर्गात सांगावं तसं, उदाहरण देऊन. हे बघ, रक्त म्हणजे सणासुदीची एसटी. प्राणवायू रांगेत उभा असतो, आणि सिगारेटच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतो. हिमोग्लोबिनला चिकटायची त्याची ताकद प्राणवायूच्या २०० पटींहून जास्त. एकदा बसला की तासन् तास उठत नाही. तुझे पाय दमत नाहीत रे, पायांपर्यंत जाणारी गाडीच आधी भरलेली असते. छान जमलं होतं. आरशासमोर म्हणूनही बघितलं. त्यानंतर तीन-चारदा तो भेटला, मी टाइम लावला, ५:३६, ५:४१, ५:३३, आणि दर वेळी तो वाकून ‘किती?’ म्हणून बघायला लागला की माझी एसटी डेपोतच राहायची. ज्याला सेकंदासेकंदाचं कळतं, त्याला हे कळत नसेल असं मानणं मला त्याचा अपमान वाटायचा. किंवा मी भित्री आहे. दोन्ही असू शकेल.

परवा त्याचा पार्टनर आला होता, त्यामुळे टाइम लावायला मी नको होते. मी आपली चालत होते. तो पळून झाल्यावर माझ्याबरोबर चार पावलं चालला. ५:२९ झालं म्हणाला. मी शाबास म्हटलं, आणि कुठून कोण जाणे, तोंडून निघून गेलं की मीही पळायचे शाळेत. त्यानं माझ्याकडे, माझ्या पंजाबी ड्रेसकडे आणि बुटांकडे बघितलं. “पळा ना मग. मी लावतो टाइम.” मी नाही नाही म्हणेपर्यंत त्यानं माझ्या हातातला फोन घेतला होता. अंधार होता, ओळखीच्या बायका मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होत्या. ओढणीची गाठ मारली कमरेला. “रेडी काकू?”

पहिली पन्नास-साठ पावलं मी आठवीत होते. मग पोटरीत कळ आली, कानात ठोके, आणि घशात लोखंडाची चव. ती चव मी विसरले होते. अर्धी फेरी कशीबशी झाली असेल. तिथून चालत आले, चेहरा लाल, डोळ्यांत पाणी, बोलायचं तर शब्द फुटेना. तो धावत समोर आला, फोन पुढे धरला, पण आकडा काही मी वाचू शकत नव्हते. “राहू द्या, राहू द्या. काकू, आधी दम खा.”

हा एक मी कधी फळ्यावर लिहिलाच नव्हता.

मी कठड्यावर बसले. तो शेजारी उभा राहिला, टपरीकडे न जाता, निदान तेवढा वेळ. मग पार्टनरनं रस्त्यापलीकडून शिट्टी मारली, तशी त्यानं फोन माझ्या हातात दिला आणि गेला. फोनला वास येत होता. घरी येऊन मी तो ओढणीनं पुसला आणि बाल्कनीत गेले. खालच्या मजल्यावरच्यांनी कुंपणाशी पेरू लावलाय. अजून लहान आहे, पण पानं भरपूर आहेत.